दिल्लीची हवा सुटली, घर मात्र ओलं निघालं

रुग्ण: स्त्री, वय ६७. तरुणपणी क्षयरोग होऊन गेलेला, उपचार पूर्ण. त्याची खूण म्हणून डाव्या फुप्फुसात ब्रॉन्किएक्टेसिस, म्हणजे श्वासनलिका कायमच्या रुंदावून त्यांत कफ साचत राहतो तो आजार. सोबत दम्यासारखी धाप. विडी-सिगारेटचा संबंध नाही, पण लग्नाआधी गावी चुलीपुढे काढलेली वर्षं बरीच. पती ७२ वर्षांचे, बँकेतून निवृत्त, तब्येतीनं ठणठणीत. मूळचे सांगलीकडचे, दिल्लीत पस्तीसेक वर्षं, शेवटची वीस द्वारकेतल्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये. एकुलती मुलगी पुण्यात.

मी गोव्यात श्वसनाच्या रुग्णांचे व्यायाम घेते, फिजिओथेरपिस्ट आहे. दोघांच्या परवानगीनं हे लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पुढे त्यांना काका-काकू म्हणेन, प्रत्यक्षातही तेच म्हणते.

सल्ला काय होता, निर्णय काय झाला

२०२३चा नोव्हेंबर दिल्लीकरांच्या लक्षात आहे. ३ तारखेला शहराचा हवा गुणवत्ता निर्देशांक ४६८ होता. ४००च्या पुढे ‘गंभीर’ श्रेणी सुरू होते. पंजाब-हरियाणाकडच्या शेतात जाळलेल्या परालीचा, म्हणजे भाताच्या खुंटांचा धूर, गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ, आणि हे सगळं जमिनीलगत दाबून धरणारी थंड, पडलेली हवा. काकूंना दर हिवाळ्यात एकदा तरी ॲडमिट करावं लागायचं. त्या वर्षी दिवाळीच्या आसपास अकरा दिवस रुग्णालयात काढावे लागले आणि घरी आल्या त्या रोज रात्री ऑक्सिजन लावायचा अशी चिठ्ठी घेऊनच.

डिस्चार्जच्या वेळी छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं: “जमत असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी यांना दिल्लीबाहेर ठेवा.” हे वाक्य मी काका आणि काकू दोघांकडून वेगवेगळं विचारून घेतलं आहे, आणि दोघांच्या सांगण्यात ‘नोव्हेंबर ते फेब्रुवारी’ आहे. चार महिने. काकांनी मात्र त्याचा अर्थ लावला ‘दिल्ली सोडा’. नोव्हेंबर २०२०मध्ये सोनिया गांधी डॉक्टरांच्या सल्ल्यावरून दिल्लीच्या प्रदूषणापासून दूर गोव्यात येऊन राहिल्या होत्या, ते उदाहरण काकांनी मला सुरुवातीलाच ऐकवलं. त्या थोड्या दिवसांसाठी आल्या होत्या, ही गोष्ट त्यांच्या सांगण्यात नव्हती.

काकांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. नोकरीत ज्या माणसानं बदलीची ऑर्डर आली की सामान बांधलं, त्याला ‘चार महिने इथे, आठ महिने तिथे’ हा प्रकारच पटत नाही. पण या प्रकरणातल्या पुढच्या बहुतेक अडचणी इथूनच निघाल्या. सल्ला एका ऋतूचा होता, निर्णय आयुष्याचा झाला.

मग पुणे का नाही, मुलगी तिथेच असताना? काकांचं उत्तर तयार होतं: पुण्याची डिसेंबरातली पहाटेची थंडी, शहरातली धूळ आणि ‘मुलीच्या दारात जाऊन बसायचं नाही’. तिसरं कारण खरं होतं, पहिली दोन जोडीला घेतलेली. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचाही विचार झाला. पण रात्री-अपरात्री धाप लागली तर मोठं रुग्णालय हाताशी हवं, आणि सावंतवाडी-दोडामार्गचे रुग्ण स्वतःच अखेर बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात येतात. मग थेट गोव्यातच राहावं, हा हिशेब बरोबर होता.

जानेवारीत पाहिलेलं घर

घर शोधायला काका एकटे जानेवारीत आले. जानेवारीतला गोवा कुणालाही फसवेल. बत्तीसच्या आत पारा, रात्री पांघरूण लागेल इतपत गारवा, कोरडी हवा, निळं आभाळ. बार्देश तालुक्यातल्या एका गावात चिऱ्यांचं, कौलारू, ऐसपैस घर मिळालं. मागे माडांची बाग, बागेपलीकडे ओहोळ. भाडं दिल्लीतल्या फ्लॅटच्या भाड्यात भागत होतं. काका म्हणतात, “अगं, व्हरांड्यात बसलो आणि ठरवलंच.”

फेब्रुवारीत दोघं राजधानीनं मडगावला उतरली. विमान डॉक्टरांनीच टाळायला सांगितलं होतं. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण आठ हजार फुटांवरच्या हवेइतका असू शकतो, आणि बसल्या जागी ज्यांच्या रक्तातला ऑक्सिजन ९२ टक्क्यांच्या आसपास घुटमळतो, त्यांचा तिथे आणखी खाली जातो.

फेब्रुवारी ते एप्रिल उत्तम गेले. काकांची एक वही आहे. बँकेतल्या माणसाची वही, लाल रेघेनं आखलेली: तारीख, सकाळ-संध्याकाळचा ऑक्सिजन, कफाचा रंग, किती पंप घेतले, आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशीचा दिल्लीचा आणि पणजीचा निर्देशांक. ही वही पाहिली की कळतं की काकूंचा बसल्या जागचा ऑक्सिजन दिल्लीत होता तेवढाच इथेही होता, ९१-९२. रुंदावलेल्या श्वासनलिका हवा बदलली म्हणून आखडत नाहीत. बदल दिसतो तो कफाच्या रकान्यात: हिरवा-पिवळा होता तो पांढरा झाला. पंप कमी लागू लागले. काकू ओहोळापर्यंत चालत जाऊन येऊ लागल्या.

मे जड गेला. पारा ३४ म्हणजे दिल्लीच्या ४४पुढे काहीच नाही, पण दमटपणा एवढा की घाम वाळत नाही, आणि फुप्फुसं आधीच थकलेल्या माणसाला त्या हवेत नुसतं बसूनही धाप लागल्यासारखं होतं. त्यातच वळवाच्या पावसात लाईट जायला लागली. घरमालकानं दिलेल्या इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखे होते. ऑक्सिजन काँसंट्रेटरला, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या यंत्राला, साधारण ३०० ते ३५० वॉट लागतात, ते त्यावर चालेना. काकांनी १५० एएचची बॅटरी आणि वेगळा इन्व्हर्टर बसवला, तीन-चार तासांची सोय झाली, आणि त्याच्याही मागे एक भरलेला सिलिंडर उभा केला. ही व्यवस्था त्यांनी इतकी नेटकी केली की मी आता इतर रुग्णांच्या घरच्यांना तीच सांगते: आधी यंत्राचे वॉट बघा, मग बॅटरी घ्या.

जुलै

पावसाळ्यात गोव्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि २०२४चा जुलै त्यातही झोडपणारा होता. खिडक्या बंद, कौलांतून झिरपणारं पाणी, चिऱ्याच्या भिंती जमिनीतून ओल वर ओढणाऱ्या. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात काकूंचा कफ पुन्हा हिरवा झाला, वास येऊ लागला, ताप चढला. एका खासगी रुग्णालयात आठ दिवस काढावे लागले.

तिथे एक गोष्ट अडली. दिल्लीत त्यांच्या थुंकीत स्यूडोमोनास हा चिवट जंतू दोनदा सापडला होता आणि कुठलं अँटिबायोटिक त्यावर चालतं याचा कल्चर रिपोर्टही होता. तो द्वारकेच्या फ्लॅटमधल्या माळ्यावर, फाईलीत. काकांनी गोव्यात आणलेल्या पिशवीत डिस्चार्ज कार्डं होती, एक्स-रे होते, सगळी बिलं होती (बिलं तर तारीखवार), पण तो कागद नव्हता. भाडेकरूनं माळा उघडून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवीपर्यंत दोन दिवस गेले. तोवर अंदाजानं औषध चालू होतं. नंतर ते बदलावं लागलं.

माझ्याकडे त्या डिस्चार्जनंतर आल्या. कफ सुटण्याचे व्यायाम, श्वास टप्प्याटप्प्यानं सोडत ‘हफ’ करून कफ वर आणण्याची पद्धत, नेब्युलायझरची निगा, एवढंच माझं काम. पण दोन आठवडे होऊनही कफ कमी होईना, म्हणून मी घरी जाऊन बघायचं ठरवलं.

घरात शिरताच ओल्या पोत्याचा वास. गोव्यात पावसाळ्यात तो थोडाफार सगळ्यांच्याच घरात असतो. आपण चपला पुसतो, पट्ट्यावर पांढरं आलेलं झटकतो आणि पुढे जातो. इथे झोपायच्या खोलीतलं कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून होतं. काकांनी आणि मी ते हातभर पुढे ओढलं. मागची भिंत माणसाच्या उंचीपर्यंत काळी-हिरवी, हात लावला तर भुकटी निघेल अशी. काकूंची उशी त्या कपाटापासून चार फुटांवर. मग नेब्युलायझरचा कप उजेडात धरून पाहिला, तळाशी चिकट थर: रोज धुतला जात होता, पण वाळत नव्हता.

आणि पेटी. काकूंचं दिल्लीत भजनी मंडळ होतं, त्यातली त्यांची स्वतःची हार्मोनियम त्या इथे घेऊन आल्या होत्या. फुप्फुसांना व्यायाम म्हणून मीच विचारलं, “गाता का अजून?” म्हणाल्या, “रोज संध्याकाळी.” पेटीवरचं मखमली कापड काढलं. भात्याच्या घड्यांमध्ये आतून पांढरी बुरशी बसली होती. म्हणजे दर मात्रेला भाता तीच हवा त्यांच्या तोंडासमोर सोडत होता. आजार तिथूनच वाढला असं मी म्हणणार नाही, डॉक्टरही म्हणाले नाहीत. भिंत, कप, पेटी, उशी, यांतलं नेमकं कोण हे सांगता येत नाही. रक्ततपासणीत ॲस्परजिलस या बुरशीची ॲलर्जी निघाली, ‘एबीपीए’ (या ॲलर्जीनं फुप्फुसांत होणारा आजार) हे नाव द्यावं इतकी वाढलेली मात्र नव्हती. एकच उपाय सुचवला गेला: त्या हवेतून बाहेर पडा.

मी एक हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारं उपकरण, आणून कपाटात ठेवला. बाहेर पाऊस थांबलेला होता, तरी आकडा ८८. घरातली आर्द्रता ६०च्या खाली राहिली तर बुरशीला आवर बसतो. काकांनी वही उघडली, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “हवेचा रकाना केला मी, घराचा केलाच नाही.”

दुसरं घर

गोवा म्हणजे सगळीकडे एकसारखी शुद्ध हवा, हा समज बाहेरच्यांचा. मुरगाव बंदरात कोळसा उतरतो आणि वास्कोचे लोक घरात येणाऱ्या काळ्या भुकटीबद्दल वर्षानुवर्षं ओरडत आले आहेत. खाणपट्ट्यात ट्रकची लाल धूळ. पर्वरी एरवी सोयीची, पण तिथे उड्डाणपुलाचं काम सुरू झालं आणि महामार्गालगत धुळीनं लोक हैराण. खेड्यात जानेवारी-फेब्रुवारीत बागांतला पालापाचोळा जाळतात, तो धूर खाली बसतो. हे सगळं मांडून आम्ही जागा शोधायला लागलो आणि यादी आपोआप छोटी झाली.

शेवटी तिसवाडी तालुक्यात, ताळगावच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. दिसायला अगदी साधा. समोर दुसरी इमारत, व्हरांडा नाही, माड नाहीत. पण दोन्ही बाजूंनी खिडक्या, पश्चिमेचं ऊन आत येतं, भिंतीला पाण्याची टाकी लागून नाही, लिफ्ट आहे, आणि बांबोळी पंधरा-वीस मिनिटांवर. भाडं पहिल्या घरापेक्षा आठ हजारांनी जास्त. घरमालकानं आधी अट घातली होती की डिसेंबरात पंधरा दिवस जागा पर्यटकांसाठी मोकळी करून द्यायची. असं विचारणारे बरेच असतात. काकांनी अकरा महिन्यांच्या करारातून ती ओळ काढून घेतल्याशिवाय सही केली नाही.

आत गेल्यावर: कपाटं भिंतीपासून वीतभर लांब, पडदे सुती आणि धुता येणारे, गालिचा हद्दपार, झोपायच्या खोलीत हवेतला ओलावा ओढून घेणारा डीह्युमिडिफायर. पेटी पणजीतल्या एका कारागिराकडे देऊन भाता नवा बसवून घेतला. आता ती सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पेटाऱ्यात असते आणि पावसाळ्यात उघडायची नाही.

ऑक्टोबरात राहायला गेले आणि महिना संपता संपता नरकचतुर्दशी आली. दिल्लीतून फटाक्यांच्या धुरापासून पळून आलेली ही दोघं. त्यांना नरकासुर ठाऊकच नव्हता. गोव्यात वाड्यावाड्यावर कागद-गवताचे भलेमोठे नरकासुर करतात, रात्रभर कर्णे वाजतात आणि पहाटे आत फटाके भरलेला तो असुर पेटवतात. इमारतीच्या कोपऱ्यावरच एक उभा होता. काकांनी आदल्या संध्याकाळी दारं-खिडक्या लावल्या, हवा शुद्ध करणारं यंत्र चालू केलं आणि दोघं पहाटेपर्यंत जागी राहिली. काकूंनी खिडकीच्या काचेतून सगळं बघितलं आणि त्यांना ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी फोनवर मला त्याचं वर्णन ऐकवताना मध्ये एकदाही थांबल्या नाहीत, ही माझ्या दृष्टीनं चांगली चाचणी.

१८ नोव्हेंबरला दिल्लीचा निर्देशांक ४९० ओलांडून गेला. काकूंचा त्या दिवसाचा रकाना: कफ पांढरा. तो हिवाळा रुग्णालयाविना गेला. स्पायरोमेट्रीचे, म्हणजे फुंकून करायच्या फुप्फुसांच्या चाचणीचे, आकडे तसेच राहिले, रात्रीचा ऑक्सिजन सुटलेला नाही. पण आजाराचा उलटा फेरा आला नाही, आणि या आजारात दर फेरा फुप्फुसाचा थोडा भाग घेऊन जातो, म्हणून तेवढंही पुष्कळ.

कागद आणि माणसं

पैशांच्या बाजूला एक गाठ आहे. काकांची निवृत्तांची सामूहिक विमा पॉलिसी देशभर चालते, पण कॅशलेस कुठे मिळेल ते त्या-त्या शहरातल्या यादीवर. जुलैत पैसे आधी भरून मग मागावे लागले. गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना पाच वर्षांच्या वास्तव्याशिवाय मिळत नाही. २०२४च्या अखेरीस केंद्रानं सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मानचं ५ लाखांचं कवच दिलं, त्यात काका बसतात, काकू बसत नाहीत. ज्याला साधी सर्दी होत नाही त्याच्याकडे कार्ड, आणि जिच्यासाठी राज्य बदललं तिला अजून वाट पाहायची. काकूंना हे फार विनोदी वाटतं, काकांना अजिबात नाही.

जास्त अवघड गोष्ट विम्याची नाहीच. दिल्लीत काकूंचं पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात जाणं-येणं होतं, भिशी होती, गणपतीतली नाटकं होती. परप्रांतात राहिलेली मराठी माणसं एकमेकांना घट्ट धरून असतात. गोव्यात मराठी वर्तमानपत्र दारात येतं, देवळात मराठी आरती होते, शेजारीण कोकणीत बोलली तरी निम्मं कळतं, त्यामुळे इथे ‘आपल्यात’ आल्यासारखं वाटेल असा काकांचा अंदाज होता. काकू मला म्हणाल्या, “तिथे आम्ही मराठी म्हणून जमायचो. इथे सगळीच मराठी वाचतात, मग जमायचं कशासाठी?” त्यांना ताळगावात दोन मैत्रिणी मिळाल्या आहेत, एक उत्तर प्रदेशातल्या हरदोईची आहे आणि तिच्याशी त्या हिंदीत बोलतात.

आणि काका. पहिलं वर्षभर त्यांचं स्वतःचं काही नव्हतं: वही, मशीन, बाजार, औषधं. रात्री काँसंट्रेटरचा आवाज बदलला की जाग. एका दुपारी व्यायाम संपल्यावर मी काकूंना बाहेर बसवून काकांचा रक्तदाब मोजला, १६२/९६. औषध सुरू झालं. आठवड्यातून दोन संध्याकाळी मदतनीस बाई येऊन बसते आणि काका कला अकादमीच्या बाजूला मांडवीच्या काठानं फिरून येतात. हे त्यांना पटवायला मुलीला पुण्याहून यावं लागलं.

२०२५च्या जूनमध्ये पाऊस लागायच्या आत दोघं पुण्याला मुलीकडे गेली आणि सप्टेंबर संपल्यावर परतली. पुण्यात पाऊस गोव्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. थंडी तिथे डिसेंबरात पडते, तेव्हा ही इथे असतात. म्हणजे दिल्लीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं, फक्त महिने आणि गावं बदलली. मुलीच्या दारात जाऊन बसायचं नाही, हा नियम काकांनी ‘पावसाळ्यापुरता’ शिथिल केला आहे. निघताना फ्लॅटची किल्ली शेजारणीकडे, डीह्युमिडिफायरच्या पाण्याची नळी थेट मोरीत सोडलेली, दर रविवारी तिनं खिडक्या तासभर उघडायच्या आणि हायग्रोमीटरचा फोटो पाठवायचा. वहीत आता तो रकाना आहे. गोव्याबाहेर नेण्याच्या पिशवीत सगळ्यात वर एक पानी सारांश असतो: आजार, जंतूचं नाव, चालणारी अँटिबायोटिक्स, ॲलर्जी, ऑक्सिजनची मात्रा, दोन्ही गावच्या डॉक्टरांचे फोन.

द्वारकेचा फ्लॅट त्यांनी विकलेला नाही. दलालाचा फोन येतो, काका भाव विचारतात आणि मग “बघू” म्हणतात. काकूंना विचारलं तर त्या म्हणतात, मार्चमध्ये दिल्ली फार छान असते, एकदा चार दिवस जाऊन यायला हरकत नाही. तेवढं मी डॉक्टरांना विचारून सांगते असं म्हटलं आहे.